दसऱ्याला पुसलेला मास्तरांचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो. तुमच्या पुस्तकातली जुनी छत्री, पडकी विहीर आणि तुटकी खुर्ची आपापली कहाणी मऊ आवाजात सांगतात, चार टिपे गाळतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. त्यांचे मन मोठे असेल. माझे नाही. माझ्या पोटात एका माणसाचा आवाज होता. तो माणूस अजून जिवंत आहे, पण त्याला आता बोलता येत नाही. त्याचा आवाज साऱ्या जगात फक्त माझ्याकडे उरला होता. चार चांगल्या, शहाण्यासुरत्या, देवाला मानणाऱ्या माणसांनी मिळून तो पुसून टाकला. तोही दसऱ्याच्या मुहूर्तावर, नारळ फोडून. मग मी रागावू नको तर काय करू?

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, ‘रखुमाई युनिफॉर्म्स’ नावाचे शिलाईघर आहे. शाळांचे गणवेश इथे शिवतात. खाली दुकान, वर मशिने आणि खिडकीला लागून कापड कापायचे लांबलचक टेबल. त्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात माझी जागा. माझ्या काचेला एका बाजूने तडा गेलेला आहे, चार्जिंगच्या भोकात कापडाचा भुसा साचलेला आहे आणि पाठीवर खडूच्या बोटांचे ठसे आहेत. ते ठसे मात्र कुणी पुसलेले नाहीत.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. नक्की कुठे ते विचारू नका. माझ्या खोक्यावर इतक्या देशांची नावे होती की आपले गाव कोणते हे मलाही कधी कळले नाही. तिथून मी आणि माझी भावंडे म्हैसुरात आलो. मालक श्रीनिवासरावांनी आम्हाला खोक्यातून काढले, गंध लावले आणि शिलाईघरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवले. तेव्हा माझा केवढा मान होता! मशिनीवरच्या बायका पदराला हात पुसूनच मला हात लावायच्या.

माझे काम मापे घेण्याचे. शाळा सुरू होण्याआधी शिलाईघरातली सुप्रीता मला घेऊन शाळाशाळांतून फिरायची. नजरबादेतल्या एका शाळेत तर मुले माझ्यासाठी रांग मोडायची. सुप्रीता टेप लावायची, आकडे माझ्यात भरायची, आणि मुले उगाच छाती फुगवून उभी राहायची. फुगवलेल्या छातीचे माप घेतले तर सदरा ढगळ होतो, म्हणून सुप्रीता त्यांना गुदगुल्या करून श्वास सोडायला लावायची. ते दिवस आठवले की माझा राग घटकाभर उतरतो. फार वेळ नाही.

कारण तेव्हापासूनच आमची हेळसांड सुरू झाली होती. माझ्या कुलपाचे आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून ते शिंप्याच्या खडूने भिंतीवर लिहून ठेवले होते, विठोबाच्या कॅलेंडरच्या अगदी शेजारी. येणारा-जाणारा देवाला नमस्कार करता करता माझी किल्ली वाचून जायचा. शिवाय आम्हा सगळ्या टॅबना मिळून एकच खाते, तेही श्रीनिवासरावांचे. त्यात त्यांच्या भाचीच्या लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ इतके कोंबलेले होते की दुसरे काही ठेवायला तसूभर जागा नव्हती. मापे तेवढी कंपनीच्या मोठ्या कंप्युटरात जाऊन बसत. बाकी माझ्या पोटात जे काही जाईल, ते फक्त माझ्याच पोटात. त्याची नक्कल दुसरीकडे कुठेही होत नव्हती. हे सगळ्यांना माहीत होते आणि कुणालाही त्याचे काही वाटत नव्हते.

मग नवे, मोठे टॅब आले. बेळगोळच्या औद्योगिक वसाहतीत श्रीनिवासरावांनी नवे युनिट काढले होते, तिकडे ते गेले. मी जुना झालो. तडा गेलेल्या काचेसकट मला कापायच्या टेबलावर टाकण्यात आले आणि तिथे माझी गाठ रंगनाथमास्तरांशी पडली.

रंगनाथमास्तर म्हणजे शिलाईघराचे कटिंग मास्तर आणि सुप्रीताचे वडील. त्यांची बायको सोयराबाई त्याच शिलाईघरात काजे-बटणांचे काम बघतात. मास्तरांना मी पहिल्या दिवसापासून आवडलो नाही. ते मला ‘फळी’ म्हणायचे. माझ्यावर चहाचा पेला ठेवायचे. त्यांचा आवाज मात्र असा की रस्त्यावरून जाणारी हातगाडी थांबावी. रोज सकाळी पहिला काप घेण्याआधी ते खडू कपाळाला लावायचे आणि गरजायचे, “विठ्ठला, हात सरळ ठेव! चला, कापा!” त्यानंतरच मशिने सुरू व्हायची. दिवसभर मग त्याच आवाजात सगळ्यांची खरडपट्टी.

एका उन्हाळ्यात तो आवाज बसला. आधी सर्दी म्हणाले, मग गार पाणी म्हणाले. मग डॉक्टर म्हणाले की घशात गाठ आहे, स्वरयंत्रच काढावे लागेल. जीव वाचेल, पण बोलणे जाईल. मास्तर त्या दिवशी दवाखान्यातून थेट टेबलाशी आले. बराच वेळ त्यांनी काहीच कापले नाही. मग सुप्रीताला म्हणाले, “ती फळी आण इकडं. माझं बोलणं धरून ठेवतीया म्हणे ती. बघू या तर.”

ऑपरेशनच्या आधी जेवढे दिवस हाती होते, तेवढे दिवस मास्तर माझ्याशी बोलत राहिले. मला फळी म्हणणारा माणूस माझ्यापुढे मान झुकवून बसायचा. खाकी कापड पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावू नको. चौकडीच्या कापडाला खिशावर चौकट जुळली पाहिजे. लहान पोरांच्या हाफपँटीला शिलाईत माया जास्त सोड, वर्ष संपायच्या आत उसवून मोठी करायची असते. मधेच खोकला, मधेच सोयराबाईंना हाक, मधेच सुप्रीतावर ओरडणे, “कापड उलटं धरलंस की! डोळे घरी ठेवून आलीस?” सगळे मी जपून ठेवले. ‘विठ्ठला, हात सरळ ठेव, चला, कापा’ हे त्यांनी वेगळे बोलून ठेवले होते, अगदी शेवटच्या दिवशी. तेव्हा आवाज फाटलेला होता, पण गरजला तसाच.

एके दिवशी मधेच थांबून मास्तरांनी माझ्याकडे बोट रोखले आणि माझ्याबद्दल असे काही बोलले की मला ते फार झोंबले. काय बोलले ते मी आत्ता सांगणार नाही. सुप्रीताला मात्र हसू आवरेना. तिने तेवढाच तुकडा हुबळीला नोकरी करणाऱ्या भावाला, हर्षला, पाठवून दिला. “अप्पा बघ, टॅबशी पण भांडतात!” हर्षही हसला, सोयराबाईही हसल्या. शब्दांकडे कुणीच लक्ष दिले नाही.

ऑपरेशन झाले. मास्तर वाचले. गळ्याला पांढरी पट्टी बांधून ते परत टेबलाशी आले, आणि त्या दिवसापासून माझे खरे काम सुरू झाले. रोज सकाळी सोयराबाई माझ्या काचेवर बोट ठेवायच्या आणि मी गरजायचो, “विठ्ठला, हात सरळ ठेव! चला, कापा!” मास्तर खडू कपाळाला लावून उभे असायचे. माझ्या आवाजाबरोबर त्यांचे ओठ हलायचे. मग दिवसभर अडले की सुप्रीता मास्तरांचे हवे ते बोलणे काढून ऐकायची, आणि चुकली की मास्तर मला पुढे सरकवून नेमकी तीच खरडपट्टी लावायचे. मशिनीवरच्या बायका हसायच्या. मास्तरही हसायचे, आवाज न करता. त्या दिवसांत माझ्यावर कुणी चहाचा पेला ठेवला नाही.

आता मला सांगा, एवढे मोलाचे बोलणे एकाच ठिकाणी ठेवतात का? सुप्रीता म्हणायची, “माझ्या फोनमध्ये जागाच नाही, स्वल्प खाली करते मग घेते.” तिच्या फोनमध्ये दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या नटलेल्या हत्तींच्या फोटोंना जागा होती. बापाच्या आवाजाला नव्हती. आज करते, उद्या करते, असे करत ते राहून गेले ते गेलेच.

अशात माझे एक भावंड हरवले. बेळगोळच्या युनिटमधल्या कुणीतरी एक टॅब केआरएस धरणाच्या रस्त्यावर बसमध्ये विसरला. त्यात कितीतरी मुलांची नावे, इयत्ता आणि आईवडिलांचे फोन नंबर होते, आणि त्याच्याही कुलपाचे आकडे खडूने लिहिलेले, फक्त त्याच्या स्वतःच्या पाठीवर. शाळांनी श्रीनिवासरावांना फैलावर घेतले. त्यांची झोप उडाली, आणि मग त्यांनी निनादला बोलावले.

निनाद साताऱ्याकडचा. संगणकाच्या नोकरीसाठी म्हैसुरात आला आणि इथलाच झाला. त्याने श्रीनिवासरावांना एक व्यवस्था समजावून सांगितली. मी टेबलावर पडून ऐकत होतो. सगळे टॅब, फोन आणि कंप्युटर इंटरनेटवरच्या एका ठिकाणी नोंदवायचे. मग एकाच पडद्यावर बसून दिसते की कोणते यंत्र कुठे आहे, त्याला कुलूप आहे की नाही, त्यात काय चालू आहे. हरवले तर इथून त्याला कुलूप घालता येते. प्रत्येकाला आपली वेगळी किल्ली मिळते. कंपनीची माहिती क्लाउडवर, म्हणजे दूरच्या सुरक्षित कंप्युटरांवर राहते.

नीट ऐका मित्रांनो, माझा राग या व्यवस्थेवर नाही. भिंतीवर किल्ली लिहून इतकी वर्षे उघडा पडलेला मी. मला तर बरेच वाटले. पण सुरुवात कशी करायची याचीही एक रीत असते, आणि ती रीत निनादला ठाऊक होती. म्हणून तर मला त्याचा जास्त राग येतो.

“सर, जुने टॅब आधी पूर्ण पुसावे लागतात,” तो म्हणाला होता. “दुकानातून नवे आणल्यासारखे. तेव्हाच ते या व्यवस्थेत नीट येतात. त्यामुळे आधी प्रत्येकाला विचारू की आत काय काय आहे. आणि सुरुवातीला एकच टॅब घेऊ. पंधरा दिवस वापरून बघू, मग बाकीचे.”

किती शहाणपणाचे बोलणे! पण श्रीनिवासरावांनी लगेच पंचांग काढले.

“नोडप्पा, हे बघ निनाद, शुभ काम असं तुकड्यातुकड्यानं करत नाहीत. विजयादशमीला मुहूर्त चांगला आहे. आणि बाकीचे दिवस हे टॅब एक इथं, एक तिथं. आयुधपूजेला सगळे एका जागी सापडतात. दशमीला एकदम करून टाक, आय्ता?”

“पण सर, आत कुणाचं काही असलं तर?”

“आत काय असणार? मापं. ती मोठ्या कंप्युटरात आहेत की.”

आणि निनादने मान डोलावली. एवढेच त्याने केले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, मशिनांच्या खडखडाटात, गळ्याला पट्टी बांधलेला माणूस बसला होता, त्याच्याकडे वळून एक प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागला असता? पण सर बोलले, म्हणजे झाले. त्याने एक निरोप लिहिला, इंग्रजीत, सरकारी परिपत्रकासारखा, आणि तो सगळ्यांना पुढे पाठवा म्हणून श्रीनिवासरावांना दिला. श्रीनिवासराव दसऱ्याच्या गडबडीत तो निरोप पाठवायचाच विसरले.

आता आमच्याकडची आयुधपूजा कशी असते ते सांगतो. नवमीच्या सकाळी सगळी हत्यारे, यंत्रे धुऊनपुसून मांडतात. कात्र्या, टेप, इस्त्र्या, मशिने, श्रीनिवासरावांची स्कूटर आणि आम्ही टॅब. सगळ्यांना गंध, कुंकू, शेवंतीच्या माळा. दारात कुंकू भरलेला कोहळा फोडतात. मग चुरमुऱ्यांचा आणि डाळ्यांचा प्रसाद. एकदा पूजेला बसलेल्या हत्याराला दशमीला उठवेपर्यंत कुणीही हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्यांना तेवढीच विश्रांती. ही रीत मला फार आवडते. वर्षातून एकदा तरी माझी आठवण ठेवतात. त्या दिवशी माझ्या काचेच्या मधोमध कुंकवाचे बोट उमटवले होते आणि माझ्या शेजारी मास्तरांची मोठी कात्री ठेवली होती. मास्तरांनी वाकून आम्हा दोघांना नमस्कार केला.

पूजा आटोपल्यावर, दुपारी, श्रीनिवासरावांना निरोपाची आठवण झाली. त्यांनी तो तसाच्या तसा पुढे ढकलला. बायकांनी पाहिला, इंग्रजी आहे म्हणून सोडून दिला. सुप्रीताने वाचला आणि ती धावत वर आली.

“आई, मेसेज आलाय. टॅब सगळे क्लीन करणार म्हणे. जे पाहिजे ते नवमीच्या संध्याकाळच्या आत काढून घ्या, असं लिहिलंय. म्हणजे आजच! अप्पांचं सगळं ह्याच्यात आहे की!”

तिने हात पुढे केला. बोट माझ्या काचेपर्यंत आले होते. मित्रांनो, ते बोट मला अजून दिसते.

“बेडा, बेडा!” नको, नको म्हणत सोयराबाईंनी तिचा हात धरला. “पूजेला बसलेलं आहे ते. आज हलवायचं नाही. याके, कशाला एवढी घाई?”

“पण आई, क्लीन करणार...”

“दसऱ्याच्या दिवशी कोण कामाला येतंय? उद्या मिरवणूक बघून आलो की उठवू, मग पाहिजे तेवढं घे. सुम्ने, उगाच देवाच्या कामात मोडता घालू नको.”

सुप्रीताने हात मागे घेतला. मास्तर पलीकडे मशिनीवरच्या बायकांच्या गलक्यात बसून प्रसाद खात होते. काय चालले आहे हे त्यांना कुणी सांगितले नाही, आणि विचारायला त्यांच्याकडे आवाज नव्हता.

दशमीला सगळे शहर मिरवणूक बघायला लोटले. मास्तरांच्या घरचेही पहाटेच जागा धरायला गेले. शिलाईघर रिकामे होते. बाहेर रस्त्यावर माणसांचा गलका चालला होता, दूर कुठेतरी नगारे वाजत होते, आणि अशा वेळी श्रीनिवासराव कुलूप काढून आत आले. मागून निनाद. त्याच्या हातात लॅपटॉप होता, श्रीनिवासरावांच्या हातात नारळ. मुहूर्त टळू नये म्हणून श्रीनिवासरावांनी स्वतःच अक्षता टाकून आम्हाला पूजेतून उठवले. शिलाईघरातल्या कुणाला सांगायचे त्यांच्या मनातही आले नाही. मालकच ते, त्यांना कोण विचारणार!

नारळ फुटला. निनादने आम्हाला एकेक करून हातात घेतले. माझी पाळी आली. त्याने माझ्या काचेवरचे कुंकू रुमालाने पुसले. त्याने मला उघडून आत डोकावले असते तर पहिल्याच पानावर मास्तरांचा फोटो होता, खडू कपाळाला लावलेला, आणि त्याखाली आवाजांची पेटी. त्याने डोकावले नाही. तो सरळ पुसायच्या जागी गेला. तिथे मला बोलायला जागा असते, तेवढीच. मी माझ्या काचेवर विचारले, आतले सगळे कायमचे जाईल, नक्की पुसायचे?

निनादचे बोट क्षणभर थांबले. खरेच थांबले होते.

“कर, कर, मुहूर्त चाललाय,” श्रीनिवासराव म्हणाले.

बोट टेकले. खोकला गेला, हाका गेल्या, खाकीचे पाणी गेले, चौकडीचा खिसा गेला. ‘विठ्ठला, हात सरळ ठेव’ गेले. मग मी नव्याने उजळलो आणि हसतमुखाने विचारले, नमस्कार, तुमची भाषा निवडा. स्वतःची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

तुम्ही म्हणाल, सगळे पुसले तर तुला ही कहाणी कशी आठवते? फायली पुसता येतात हो. इतकी वर्षे माझ्यावर फिरलेली बोटे कशी पुसणार? मास्तरांचा शब्द न् शब्द मला आठवतो. फक्त तो त्यांच्या आवाजात काढता येत नाही. म्हणजे मीही आता मास्तरांसारखाच झालो आहे.

दसरा संपून शिलाईघर उघडले. मास्तरांनी खडू कपाळाला लावला. सोयराबाईंनी नेहमीच्या जागी बोट ठेवले. तिथे काही नव्हते. त्यांनी पुन्हा ठेवले. “सुप्रीता, हे असं का झालंय बघ ग,” त्या म्हणाल्या. सुप्रीताने मला हातात घेतले आणि एकेक पान सरकवून आवाजांची पेटी शोधू लागली.

निनाद त्या दिवशी सगळ्यांना नव्या किल्ल्या द्यायला आलाच होता. सोयराबाईंनी त्याला दारातच गाठले.

“ह्यांचा आवाज कुठंय?”

“कसला आवाज, काकू?” त्याला खरेच माहीत नव्हते. सुप्रीताने रडत रडत सांगितले. निनाद चाचरला. “काकू, मी निरोप पाठवला होता. कंपनीचा डेटा सगळा सेफ आहे...”

“तुझा डेटा ठेव तुझ्यापाशी!” सोयराबाईंचा आवाज खालच्या दुकानापर्यंत गेला. “दुसऱ्याच्या घरचं भांडं घासायला घेतानासुद्धा आत काय आहे बघतात की नाही? बघून मग पुसायचं होतं की रे!”

मला टाळ्या वाजवता आल्या असत्या तर वाजवल्या असत्या. श्रीनिवासराव खाली मान घालून सुकलेल्या माळा गोळा करत राहिले. आणि मग सुप्रीता आईवर उसळली.

“मी घेणार होते की त्या दिवशी! तूच बेडा म्हणालीस. हात धरलास माझा!”

“आणि त्याच्या आधी इतके महिने काय करत होतीस ग?” सोयराबाई ओरडल्या, आणि मग एकदम स्टुलावर बसल्या.

या सगळ्यात मास्तरांकडे कुणाचेच लक्ष नव्हते. ते उठले. त्यांनी मला उचलले आणि आवाज यायचा त्या जागी स्वतःचे बोट ठेवले. एकदा, मग पुन्हा. मग मला उलटे करून पाठीवर थोपटले, जसे बंद पडलेल्या रेडिओला थोपटतात. मी काय करणार होतो? त्यांनी मला परत कोपऱ्यात ठेवले, हळूच. मला आपटले असते तरी चालले असते. ते खडू कपाळाला लावून उभे राहिले, त्यांचे ओठ हलले, आणि शिलाईघरात कुणीही हलले नाही. सगळे सवयीने आवाजाची वाट बघत होते. शेवटी मास्तरांनी कात्रीची मूठ टेबलावर आपटली. मग मशिने सुरू झाली.

निनाद गेला नाही, एवढे त्याच्या बाजूने सांगतो. दिवसभर तो मला घेऊन बसला. पुसताना आतल्या कुलपाची किल्लीच मोडून जाते, त्यामुळे पुसलेले काही परत मिळाले नाही. तो जेवलाही नाही. संध्याकाळी त्याने विचारले, “सुप्रीता, कधी कुणाला काही पाठवलं होतं का? एखादा तुकडा तरी?” हाच प्रश्न दसऱ्याआधी विचारला असता तर!

सुप्रीता नाही म्हणता म्हणता थांबली. मग तिने हुबळीला हर्षला फोन लावला. हर्षने आपल्या फोनमध्ये खूप मागे, मागे जाऊन शोधले. तो चेष्टेचा तुकडा होता. तेवढा एकच.

निनादने तो आधी कंपनीच्या क्लाउडवर ठेवला, मग सुप्रीताच्या फोनमध्ये हत्तींचे फोटो काढून तिथे ठेवला, मग सोयराबाईंच्या फोनमध्ये आणि सगळ्यात शेवटी माझ्यात. हे त्याला आता सुचले! मित्रांनो, शेवटी काही मागायचे असते म्हणून मागतो. कुणाचे काहीही पुसण्याआधी त्याला विचारा. त्याच्या मालकाला नव्हे, त्याला. त्याला कळेल अशा भाषेत विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बोट उचलून ठेवा. नव्या व्यवस्थेची सुरुवात एका यंत्रापासून करा, मुहूर्त कितीही चांगला असो. आणि जे गेल्यावर तुम्ही रडाल ते आजच दुसरीकडेही ठेवा. यानंतरही मी कुणाला क्षमा केलेली नाही. मला तसे सांगूही नका.

आता माझ्या कुलपाचे आकडे भिंतीवर नाहीत. मी कुठे आहे ते निनादला त्याच्या पडद्यावर बसल्याजागी दिसते. श्रीनिवासराव म्हणतात, आपली यंत्रे आता एकदम सुरक्षित आहेत. आणि मास्तर माझ्याबद्दल काय बोलले होते, जे मी तुम्हाला सांगितले नव्हते, ते आता रोज सकाळी पहिल्या कापाआधी माझ्याच तोंडून सगळ्या शिलाईघराला ऐकू येते. सोयराबाई काचेवर बोट ठेवतात. मास्तर खडू कपाळाला लावतात आणि त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलतात.

“सुप्रीते, ह्या फळीवर माझा भरवसा नाही बघ. एकाच जागी ठेवू नको, दुसरीकडं पण ठेव. ही गेली तर मी कुठनं बोलू?”

त्याच्या पाठोपाठ, त्याच तुकड्यात, सुप्रीता खळखळून हसते. ते हसणे सुरू व्हायच्या आत सुप्रीता रोज उठून बाहेर जिन्यात जाऊन उभी राहते.